इतर: एक

कामेनात्स, १४ मार्च १९८३

नेदो,

माझा आशीर्वाद घे. आईने एक शिवीही सांगितली आहे, ती भेटल्यावर तोंडी देईन. पोस्टात हरवायला नको.

आधी कामाचं. दोन किलो कॉफी पाठव. बेलग्रेडमध्ये तुमच्या कचेरीत मिळतेच, मला शिकवू नकोस. इथे नगरसभेत कॉफी संपून तीन महिने झाले. मी जव भाजते, दळते, उकळते आणि तेच कपात ओतते. परवा एकजण म्हणाला, "येला, आज कॉफी जरा निराळी लागतेय." म्हटलं, "ही स्थिरीकरणाची आहे, कॉम्रेड." गुपचूप प्याला. हल्ली कुठल्याही वाईट चवीच्या वस्तूला सरकारच्या काटकसरीचा हा शब्द लावला की माणसं तोंड उघडत नाहीत.

आता इथली गंमत ऐक. अध्यक्षाची खुर्ची दरवर्षी फिरते, हे तुला सांगायला नको, वरून तुम्हीच फिरवता. एक वर्ष सर्ब, एक वर्ष मुसलमान, एक वर्ष क्रोएट, की पुन्हा पहिल्यापासून. पूर आला त्या वर्षी सर्ब होता, पण पुरानंतर तो पाठ धरली म्हणून पाच महिने घरीच झोपला. आता वाद असा की ते वर्ष धरायचं की सोडायचं. धरलं तर यंदा पाळी मुसलमानाची. सोडलं तर सर्ब म्हणतात आमचं एक वर्ष बाकी आहे. आणि क्रोएट म्हणतात, तुम्ही भांडा, तोवर आम्ही बसतो. अकरा सभा झाल्या. अकराही सभांना मी जवाचं पाणी पाजलं.

आणि पूल? पूल अजून तसाच आहे. म्हणजे नाहीच आहे. पुरात वाहून गेल्याला या मे महिन्यात चार वर्षं होतील. चार वर्षांत चार अध्यक्ष झाले आणि चौघांनी एकेक पायाभरणीचा दगड बसवला. नदीकाठच्या कुरणात चार दगड ओळीने उभे आहेत, प्रत्येकावर नाव आणि तारीख. परका माणूस बघेल तर म्हणेल, चांगली माणसं गेली वाटतं.

पलीकडे लूगला आपली आई एकटी आहे. वय एक्याऐंशी, खुबा दुखतो. तराफ्यावर उभं राहून लोखंडी दोरी धरत इकडे यावं लागतं, ते तिला जमत नाही. रानातल्या रस्त्याने बावीस किलोमीटरचा वळसा. चार वर्षांत ती दोनदा इकडे आली, दोन्ही वेळा दवाखान्यासाठी. तू म्हणाला होतास, "पूल झाला की येतो." पूर ओसरला, तुझं कारण काही ओसरलं नाही.

तुझी येलाताई

—

बेलग्रेड, २८ मार्च १९८३

प्रिय येलाताई,

तुझे पत्र मिळाले. कॉफीसंबंधीच्या प्रश्नाची मी नोंद घेतली आहे.

अध्यक्षपदाविषयी तू जो थट्टेचा सूर लावला आहेस तो योग्य नाही. खुर्ची फिरते याच्यामागे विचार आहे. त्याला आम्ही किल्ली म्हणतो. हे मोठे घर आहे, यात अनेक बिऱ्हाडे नांदतात. घर दुसऱ्याचेच आहे असे कोणालाही वाटू नये, म्हणून घराची किल्ली थोडा थोडा वेळ प्रत्येकाच्या हाती. सगळा देश एका मुठीत धरणारे मार्शल गेल्यानंतर हे घर एवढ्यावरच उभे आहे. तू तिसरीपर्यंत शिकलीस, तुला हे सोपे करून सांगायचे म्हणून मी घराचा दाखला दिला.

माझ्याबद्दल सांगायचे तर एक महत्त्वाची गोष्ट घडते आहे. आमच्या समितीतले उपसचिवाचे पद सप्टेंबरात मोकळे होत आहे आणि माझ्या नावाचा विचार चालू आहे. बोलू नकोस कोठे. माझे चरित्रपत्रक तपासले जात आहे, म्हणून सध्या मला हलता येत नाही. आईला नमस्कार सांग. पुलाचा प्रश्न तुमच्या स्थानिक पातळीवर, संबंधित सर्व घटकांच्या सहमतीने सुटेल याबद्दल मला शंका नाही.

सोबत माझ्या अहवालाची छापील प्रत पाठवत आहे.

तुझा
नेदेल्को

—

कामेनात्स, ९ मे १९८३

नेदो,

कॉफी मागितली तर अहवाल आला. सत्तेचाळीस पानं. मी दोन पानं वाचली आणि बाकीची चुलीत घातली. जव छान भाजले.

आणि हो, मी तिसरीतून घरी बसले ते डोकं नव्हतं म्हणून नाही. बूट एकच जोडी होती आणि तू सहा वर्षांचा झाला होतास. विसरला असशील म्हणून आठवण. त्या पुलावरून तुझं दप्तर वर्षभर मीच वाहिलं.

आता बस. बसला आहेस का? मी नगरसभेची अध्यक्ष झाले आहे.

हसू नकोस. हसलास तरी चालेल, मीही हसले. बाराव्या सभेच्या आधी वरून फोन आला की भांडण पुरे, तुमच्या नगरात 'इतर' या रकान्यातल्या कुणाला कधी पाळी मिळाली आहे का? मिळाली नसेल तर आधी त्यांना द्या. तिघांनाही हे पटलं, कारण तिघांनाही दुसऱ्या दोघांपेक्षा कुणीही चालणार होतं. मग आमचा सचिव त्रिफुन जनगणनेचा कागद घेऊन बसला. हा त्रिफुन म्हणजे डोक्यावर केस नाहीत पण खिशात कंगवा असतो, तो. चौदा हजार माणसांचं नगर. सर्ब इतके, मुसलमान इतके, क्रोएट इतके, खाली शेवटच्या ओळीत: इतर, एक.

"हा एक कोण?" असं करत यादी शोधली. मग त्रिफुन माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. वीस वर्षं हा मला 'ए कॉफी' अशी हाक मारतोय. त्या दिवशी म्हणाला, "कॉम्रेड येला."

मी म्हटलं, "काय फुटलं?"

"फुटलं नाही. तुम्ही इतर आहात."

"तू असशील इतर. मी काय केलं?"

"तसं नव्हे. कागदावर. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात."

तेव्हा मला आठवलं. दोन वर्षांपूर्वी जनगणनेचा माणूस आला होता, तेव्हा चुलीवर दूध होतं. तो विचारतो, राष्ट्रीयत्व? मी म्हटलं, बाप लाकडाच्या गिरणीत आलेला क्रोएट, आई इथली सर्ब, नवरा माझा रेफिक मुसलमान, देव त्याच्या आत्म्याला सुखात ठेवो. तू शिकलेला आहेस, बेरीज कर. तो म्हणाला, बेरीज चालत नाही, एकच लिहायचं. तेवढ्यात दूध वर आलं. मी ओरडले, "लिही काय वाटेल ते!" त्याने वाटेल ते लिहिलं.

मी त्रिफुनला म्हटलं, "दूध उतू गेलं म्हणून मी अध्यक्ष?"

तो म्हणाला, "लोकशाहीत असं होतं."

मी नाही म्हणणार होते. मग खिडकीतून ते चार दगड दिसले. म्हटलं, एक वर्ष तर एक वर्ष. पूल करते आणि परत कपबशा धुते.

बाकी तुझी ती किल्ली मला आता कळली. किल्ली सगळ्यांच्या हातातून फिरते, दार मात्र कुणीच उघडून बघत नाही.

येलाताई
(अध्यक्ष. हे त्रिफुनने लिहायला सांगितलं.)

—

बेलग्रेड, २० मे १९८३

प्रिय ताई,

तुझ्या निवडीबद्दल अभिनंदन. ही काम करणाऱ्या माणसाच्या विश्वासाची पावती आहे वगैरे.

आता जे लिहितो ते नीट वाच आणि पत्र जाळून टाक.

माझ्या चरित्रपत्रकात मी क्रोएट आहे. वडिलांकडून. यात काही खोटे नाही. उपसचिवाचे पद या वेळी किल्लीप्रमाणे बोस्नियातल्या क्रोएटसाठी आहे आणि आमच्या विभागात बोस्नियातला क्रोएट मी एकटाच आहे. सात वर्षे मी या एका ओळीची वाट पाहतो आहे. आता तुझे नाव वर्तमानपत्रात आले: 'इतर राष्ट्रीयत्वाची पहिली अध्यक्षा'. माझ्या गावची, माहेरचे आडनाव माझेच. काल मला बोलावून विचारले, "कॉम्रेड, ही तुमची कोण?" मी म्हणालो बहीण. "सख्खी?" हो. "आईबाप तेच?" हो. मग त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. ताई, आमच्याकडे चष्मा पुसणे फार वाईट.

एकाच आईबापांची दोन मुले, एक क्रोएट आणि एक इतर. म्हणजे दोघांतले कोणीतरी काहीतरी लपवते आहे, असा त्याचा अर्थ काढतात.

उपाय सोपा आहे. लोकनोंदणी कचेरीत दुरुस्तीचा अर्ज असतो. त्यावर 'क्रोएट' लिही आणि सही कर. पाच मिनिटांचे काम. तुझे अध्यक्षपद त्यामुळे जाईल, पण तू स्वतःच लिहिले आहेस की ते दुधामुळे मिळाले.

मी तुझ्याकडे कधी काही मागितले नाही.

तुझा नेदो

—

कामेनात्स, १२ जून १९८३

नेदो,

कधी काही मागितलं नाहीस? बूट विसरलास, दप्तर विसरलास, लग्नातला कोट रेफिकचा होता तेही विसरलास. बरं ते जाऊ दे. कोट तुला घट्टच होत होता.

सही नाही करणार. आत्ता नाही. आज सही केली तर उद्या ते बारावी सभा भरवतील आणि आई त्याच काठावर मरेल. पूल उभा राहू दे, त्याच दिवशी तू म्हणशील ते लिहून देते. क्रोएट म्हण, चिनी म्हण.

पूल कसा होत नाही ते आता मला आतून दिसतं. पहिल्या दिवशी मी विचारलं, "सिमेंट कुठे आहे?" त्रिफुनने मला एक फडकं झाकलेली वस्तू दाखवली. फडकं काढलं तर पाचवा दगड. पॉलिश केलेला. 'पायाभरणी, १९८३, कॉम्रेड' आणि पुढे नावाची जागा मोकळी. म्हणाला, "ऑर्डर जानेवारीतच दिली होती. कोण अध्यक्ष होणार हे ठरलं नव्हतं, पण दगड लागणार हे ठरलं होतं."

सिमेंटसाठी तिघांच्या सह्या लागतात. सर्ब म्हणतो आधी मुसलमानाने करावी, मुसलमान म्हणतो आधी क्रोएटने, क्रोएट म्हणतो मी रजेवर आहे. आणि माझ्या जागी कॉफीला बाई घेता येत नाही, कारण त्या जागेलाही किल्ली आहे म्हणे. म्हणून सभा मीच चालवते आणि कपही मीच आणते. मी जव उकळायला उठले की तेवढ्यात हे लोक ठराव करून टाकतात. मागच्या आठवड्यात आत आले तर पुलासाठी एक आयोग नेमून झाला होता. नऊ माणसं, तीन तीन तीन. मी ट्रे टेबलावर आपटला आणि सांगितलं, "पूल होईपर्यंत स्वयंपाकघर बंद. तहान लागली तर नदी आहे." तेव्हापासून सभा वीस मिनिटांत संपते.

आणि हे ऐक. तुझे चष्मेवाले इथवर पोचले. परवा एक साहेब आला, टाय लावलेला. आईला विचारायचं होतं म्हणून मी त्याला तराफ्यावर घातलं. मध्यावर दोरीला झटका बसला, टाय नदीत भिजला. आई शेंगा सोलत बसली होती. त्याने वही काढली आणि विचारलं, "आजी, तुमच्या मुलांचं राष्ट्रीयत्व काय?"

आईने त्याला वरून खाली पाहिलं. म्हणाली, "तू सावकाच्या पोरीचा, स्ताकाचा मुलगा ना रे? पायाळू?"

तो दचकला. "तुम्हाला कसं…"

"मीच काढलं तुला बाहेर. सोळा तास लागले. चाळीस वर्षं सुईणपण केलं मी या दोन्ही काठांवर. कुणाच्याही कपाळावर लिहिलेलं दिसलं नाही मला. तुझ्या तर नाहीच, तुझे आधी पायच आले."

"पण आजी, वहीत काहीतरी लिहावं लागेल."

"मग लिही: माझी दोन मुलं. एक इथे आहे, एक येत नाही."

त्याने काय लिहिलं ठाऊक नाही. पण जाताना शेंगांची पिशवी घेऊन गेला.

येलाताई

—

बेलग्रेड, १ जुलै १९८३

ताई,

आईचे उत्तर माझ्या फायलीत शब्दशः आले आहे. 'एक येत नाही' या वाक्याखाली लाल पेन्सिलीची रेघ आहे. मला त्याचा खुलासा लिहून द्यावा लागला. सव्वादोन पानांचा. आपल्या आईला भेटायला का जात नाही यावर सव्वादोन पाने लिहून बघ, मग कळेल मी कशातून जातो आहे.

उपसचिव निवडणाऱ्या आयोगाची बैठक पंधरा सप्टेंबरला आहे. तोपर्यंत तुझी दुरुस्ती पोचली नाही तर पद दुसऱ्याला जाईल. मी शेहेचाळीस वर्षांचा आहे. लोक माझ्याशी बोलताना अजूनही माझ्या खांद्यावरून मागे बघतात, कोण मोठा माणूस आला का म्हणून. एकदा तरी, ताई, मला तो मागून येणारा माणूस व्हायचे आहे.

उन्हाळ्यात यायचे मनात होते, पण समुद्रकिनारी परिसंवाद आहे. विषय: तळागाळाशी संपर्क.

तुझा नेदो

—

कामेनात्स, ३० ऑगस्ट १९८३

नेदो,

तुझं पत्र दोन महिने ओट्याच्या फळीवर ठेवलं होतं. ते खांद्यावरून बघण्याचं वाचलं आणि मला राग आला. तुझा नाही, त्या बघणाऱ्यांचा. पण उत्तर द्यायला वेळ नव्हता, मी नदीत होते.

झालं असं. सिमेंट मिळणार नाही हे जुलैत नक्की झालं. एक दिवस लाकडाच्या गिरणीचा मुकादम मेहो माझ्याकडे आला. त्याची सून पलीकडे लूगला, सातवा महिना, आणि मध्ये तराफा. म्हणाला, "अध्यक्षबाई, माझ्याकडे ओकचे वासे पडलेत. खराब म्हणून शेरा आहे, पण आपण दोघं मेलो तरी ते कुजणार नाहीत. फक्त नदीत टेकू द्यायला चार जड वस्तू हव्यात."

दोघांनीही एकदम कुरणाकडे पाहिलं.

तूच सांग, पायाभरणीच्या दगडाचं काम काय? पाया भरणं. चार वर्षं बिचारे रिकामे उभे होते.

मी सभा बोलावली, कारण दगडावर नावं आहेत आणि नावांना नातेवाईक आहेत. म्हटलं, हे चार दगड नदीत घालायचे, त्यावर वासे टाकायचे. नाही म्हणायची पंचाईत, कारण प्रत्येकाच्या माणसाने भाषणात म्हटलेलं की या दगडावर पूल उभा राहील. मग त्रिफुनने कंगवा काढला आणि विचारलं, "पण मध्ये कोणाचा?"

झालं. अडीच तास. मध्ये पाणी खोल, म्हणजे मान मोठा, की काठाशी असलेला लोकांना आधी दिसतो म्हणून त्याचा मान मोठा? सर्बांचे दगड दोन, म्हणून ते म्हणाले आम्ही दोन्ही टोकांना. मुसलमान म्हणाले, मग आम्ही दोघांच्या मध्ये अडकलो. क्रोएट म्हणाले, आमचा दगड वरच्या अंगाला हवा, खालच्या अंगाला दुसऱ्यांचं पाणी येतं. एकाने फळ्यावर नदी काढली. दुसऱ्याने ती पुसून उलटी वाहणारी काढली.

मी मेहोला विचारलं, "तुला काय वाटतं?"

तो म्हणाला, "सगळ्यात जड मध्ये."

"कुठला जड?"

"तोलून बघू."

तोलले. नेदो, चौघांचं वजन सारखं निघालं. किलोचाही फरक नाही. खाणीला हुकूमच तसा होता, कुणाला कमी पडायला नको म्हणून. तेव्हा मेहो म्हणाला, "मग जो आधी हाताला लागेल तो," आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तसंच केलं. नावं खाली गेली. मुद्दाम नाही, अक्षरांमुळे तो भाग खडबडीत आहे, तळाला घट्ट बसतो.

दोन्ही काठांची माणसं आली. रविवारी रविवारी काम, कुणी बोलावलं नाही, कुणी हजेरी घेतली नाही. ओंडक्यांचे पिंजरे करून त्यात गोटे भरले आणि पिंजऱ्यावर दगड. माजी अध्यक्ष चौघेही आले होते. तो पाठ धरलेलाही आला, आणि आपला दगड नीट बसला का ते बघायला कमरेएवढ्या पाण्यात उतरला. पाठ सुटली म्हणायची.

शेवटच्या फळ्या येत्या रविवारी, चार तारखेला, ठोकायच्या. सोमवारी पाचला मी लोकनोंदणीत जाईन आणि तुझ्या अर्जावर सही करीन. तुला शब्द दिला होता. त्रिफुनला सांगून ठेवलंय, त्याने अर्ज आत्ताच भरून ठेवला आहे. इतक्या लवकर त्याने माझं कुठलंच काम केलं नव्हतं.

उपसचिव झालास की खांद्यावरून बघणाऱ्याला माझं नाव सांग.

येलाताई

—

तार
बेलग्रेड, ३ सप्टेंबर १९८३
कॉम्रेड अध्यक्ष, नगरसभा, कामेनात्स
सही करू नकोस. इतरच राहा. पत्र मागाहून. नेदो

—

बेलग्रेड, ४ सप्टेंबर १९८३

प्रिय ताई,

तार मिळाली असेलच. देवाची कृपा, म्हणजे परिस्थितीची कृपा, की तू जून महिन्यात माझे ऐकले नाहीस.

किल्ली बदलली. शुक्रवारी कळले. उपसचिवपदावर गेली सहा वर्षे 'इतर' मधले कोणी आलेले नाही असे कोणाच्या तरी लक्षात आले, आणि पद तिकडे वळले. विभागात धावाधाव झाली. कोणाची आजी हंगेरियन निघाली, कोणाचा सासरा रुथेनियन. मी शांतपणे उभा राहिलो आणि म्हणालो, "कॉम्रेड्स, माझी सख्खी बहीण इतर आहे. वर्तमानपत्रात आले आहे." ताई, त्या क्षणी माझ्या खांद्यावरून कोणीही मागे बघत नव्हते.

मी त्याच दिवशी माझी दुरुस्ती दिली. आता मी इतर आहे. त्यात खोटे काय? आई सर्ब, वडील क्रोएट, बेरीज चालत नाही, हे तूच म्हणाली होतीस. पंधरा तारखेला आयोग फक्त एक गोष्ट तपासेल: सख्खी बहीण आजही इतर आहे ना.

म्हणून काहीही कर पण सही करू नकोस. जशी आहेस तशी राहा. तुझ्या त्या उतू गेलेल्या दुधाचे उपकार मी विसरणार नाही.

तुझा नेदो

—

कामेनात्स, १९ सप्टेंबर १९८३

नेदो,

तारेवर शनिवारचा शिक्का आहे. मला ती मंगळवारी मिळाली. मी त्रिफुनला विचारलं, "तीन दिवस कुठे होती?" म्हणाला, "आवक वहीत चढवायची होती, कॉम्रेड… ए कॉफी." वाक्याच्या मध्येच मी कॉम्रेडची परत कॉफी झाले. सही मी सोमवारी सकाळी आठ वाजता केली होती.

तर आता मी क्रोएट आहे आणि तू इतर. तुला सांगते, मला काही वेगळं वाटत नाही. गुडघा तसाच दुखतो. तुझी पंधरा तारीख होऊन गेली. तू पत्र टाकलं नाहीस, म्हणजे काय झालं ते मला कळलं. चष्मे पुसले असतील. पुसू दे. वाईट वाटतं रे, नाही असं नाही. तुझ्यासाठीच केली होती ती सही. चार-पाच महिन्यांत मी मनापासून केलेलं एकच सरकारी काम, आणि तेवढंच नेमकं नडलं.

इथलं सांगते. मी खुर्चीवरून उठले त्या दिवशी बारावी सभा झाली. आता नवीन प्रश्न: माझं हे अर्धवट वर्ष धरायचं की नाही, आणि धरलं तर इतरांकडे धरायचं की क्रोएटांकडे? परवा तेरावी झाली. मी जव भाजतेय.

पूल उभा आहे. मेहोच्या सुनेला मुलगी झाली, दुखायला लागल्यावर सून चालत पुलावरून दवाखान्यात गेली. वर्तमानपत्रात बातमी आली, 'चार अध्यक्षांनी पाया घातला.' चौघांचे फोटो. खोटं नाही लिहिलेलं, पाया त्यांचाच आहे, पाण्याखाली.

माझा पाचवा दगड राहिला होता. त्यावर त्रिफुनने मे महिन्यातच माझं नाव कोरून घेतलं होतं. तो मी लूगच्या बाजूला पहिली पायरी म्हणून टाकला. माणसं पुलावर चढताना त्यावर बुटांचा चिखल घासतात. 'कॉम्रेड' आत्ताच पुसट झालंय, 'येला' अजून वाचता येतं.

आई काठी टेकत रोज पुलापर्यंत येते, त्या पायरीवर पाय पुसते आणि अलीकडे कामेनात्सच्या बसथांब्यापर्यंत चालत जाते. दुपारची बेलग्रेडची बस बघते आणि परत फिरते. काल मला म्हणाली, "पूल तर झाला. आता हा कुठलं कारण काढेल?"

मी म्हटलं, "काढेल. त्याचा सगळा विभागच आहे त्यासाठी."

ती हसली नाही, नेदो.

पुलावर कुणी रकाना विचारत नाही. पाय पुसून यायचं, एवढंच. आणि येताना दोन किलो कॉफी आण, अहवाल नको.

ताई